भागाकाराचं पान

वेंडेलनं मुलीच्या पत्राला आठ महिने उत्तर दिलं नव्हतं. ‘बाबा, पोरांना घरीच शिकवतेय. देवाच्या भरवशावर सुरुवात केलीय. गणित तुम्ही घ्याल का?’ चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या वेंडेलला तो भरवसा पटत नव्हता, आणि नातवंडांना आपलं शिकवणं आवडेल याचीही खात्री नव्हती.

अमेरिकेत ओहायोतल्या त्याच्या गावच्या पोस्टात रांगेत त्याच्यापुढे दोघी मैत्रिणी होत्या. एकीच्या हातात घरीच शिकणाऱ्या मुलाच्या वर्षभराच्या अभ्यासाचं जाडजूड पाकीट होतं, सरकारी तपासनिसाकडे पाठवायचं.

“रूथ, ते भागाकाराचं पान काढ बाई. सगळं चुकलंय.”

“पोराचं नाही चुकलं. मीच तीन आठवडे चुकीचं शिकवत होते.”

“मग तर काढच. तपासनीस म्हणेल, आईलाच येत नाही. घरी शिकवायची परवानगी गेली म्हणजे?”

“नव्हतंच येत. रोज सकाळी पोरांसमोर म्हणते, देवा, मला शहाणपण दे. आणि आता पान लपवू?”

“दिलं का मग शहाणपण?”

“चूक दाखवली. मी पोरांची माफी मागितली आणि पुस्तक पुन्हा पहिल्यापासून काढलं. पुढचं पान बघ.”

“हे बरोबर आहे की गं. तू सोडवलंस?”

“पोरानं. मग मला समजावलं.”

पाकीट जसंच्या तसं गेलं.

वेंडेलचा नंबर आला. त्यानं पोस्टकार्ड मागून खिडकीशीच लिहिलं, ‘मंगळवारी येतो. प्रार्थना तू घे, भागाकार मी घेतो. चुकलो तर सांगा. बाबा.’

दोनदा वाचून त्यानं ते पेटीत टाकलं.