फोन काचेला लावा

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या शिंप्याशेजारी एक बाई स्पीकरवर नवऱ्याला झापत होती.

"अहो, उबेच्या पेटीचं काचेचं झाकण उघडू नका! ओलावा गेला की पिल्लू कवचाला चिकटतं."

"अगं, सकाळी टवका उडाला, तेव्हापासून हूं की चूं नाही. जरा सोलू का?"

"खबरदार! तेवढं एकच अंडं तगलंय. बोललात त्याच्याशी?"

"अंड्याशी काय बोलायचं?"

"मी रोज बोलते. फोन काचेला लावा... कुक् कुक्, ये रे माझ्या राजा!"

दवाखान्यातल्या सगळ्यांनी कान टवकारले. फोनमधून बारीक चिवचिव आली.

शिंप्याला आत बोलावलं.

"तुम्ही जा हो आधी," तो मागच्याला म्हणाला. "मला कुठे घाई आहे?"

त्याने आणखी दोघांना पुढे धाडलं, तेव्हा कुठे नवरा ओरडला, "आलं गं बाहेर!"

"काय करतंय?"

"तुझ्या आवाजापाशी, काचेला बिलगून बसलंय. आता मी फोन ठेवू कसा?"