तसबिरीला दिलेली टोपी

बऱ्हाणपूर ठाणे. आखाजीचा दुसरा दिवस, सन १९५०.

माझं नाव मालूबाई कौतिक महाजन, वय अंदाजे पंचेचाळीस, धंदा केळीची शेती, राहणार मौजे दापोरा. जातीने ठाण्यात येऊन सांगते की, दप्तरखान्यातली तसबीर मी उचलली. कडू मिस्त्रीने नाही.

दापोऱ्यात आमचं नवं घर चाललं आहे. काम कडू मिस्त्रीकडे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, मुहूर्तावर दाराची चौकट उभी करायची होती. त्याच्या आधी, कमरेइतकी आलेली भिंत वाकडी आहे असं मी म्हटलं. मिस्त्रीने ओळंबा लावून दाखवला. भिंत सरळ होती, पण मी बोलले ते बोलले. मिस्त्री थापी टाकून घरी गेला. आमचे मालक दोनदा बोलवायला गेले, तरी आला नाही.

आमच्याकडे चौकटीच्या पूजेला मिस्त्रीला टोपी, उपरणं, नारळ देतात. तो मान दिल्याशिवाय चौकट उभी करत नाहीत. मुहूर्त टळला असता तर पावसाळ्यात उघड्यावर बसावं लागलं असतं.

माझा भाचा प्रभाकर शहरात दप्तरखान्यात नोकरीला आहे. विलीन झालेल्या एका संस्थानाचे कागद आणि चित्रं तिथे आली आहेत. मी केळी द्यायला गेले तेव्हा त्याने एक तसबीर दाखवली. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला गोरा साहेब, डोक्यावर उसने केस, हातात कंपास. विलायतेत याने एवढा मोठा घुमट बांधला की दुनिया नाव घेते, असं भाचा म्हणाला. तो हात धुवायला उठला तेव्हा मी तसबीर टोपलीत घातली, वर केळीचं पान. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता.

आखाजीला तसबीर पाटावर मांडली, काचेला कुंकू लावलं, वर टोपी ठेवली. मिस्त्री नाही तर मिस्त्र्यांचा बाप आणला आहे, असं गल्लीभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं. कडू मिस्त्री तावातावाने आला.

"पाया मी भरला, घाम माह्या गेला, अन् टोपी या सायबाले?"

मी म्हटलं, "सायब साता समुद्रापलीकडून आला, भाऊ. तुम्हाले गल्लीतून येनं जमलं नाही."

सगळे हसले. मिस्त्रीही हसला आणि टोपी उचलून डोक्यावर घातली. चौकट वेळेत उभी राहिली. मग साहेब कोण ते कळल्यावर त्याचं तोंड उतरलं. एवढ्या थोर कारागिराच्या डोक्यावरची टोपी आपण काढली, आता जेवू घातल्याशिवाय त्याला पाठवायचं नाही, म्हणून तो तसबीर घरी घेऊन गेला. आज जमादार तसबिरीचा तपास करत तिथे पोचले आणि मिस्त्रीलाच चोर म्हणून धरून आणलं, तेव्हा तसबिरीपुढे पुरणपोळीचं ताट होतं. चोर चोरलेल्या मालाला जेवू घालत नाही.

विचारूनही मिस्त्रीने माझं नाव सांगितलं नाही, असं जमादार म्हणाले. ऐकून मला भरून आलं.

मिस्त्रीला सोडावं. मला शिक्षा करायची ती करावी. उद्यापासून भिंती वर चढवायच्या आहेत. ते तसबिरीतल्या साहेबाच्याने होणार नाही, त्याला कडूभाऊच लागतो.

वरचा मजकूर जमादारांनी मोठ्याने वाचला, तो कोठडीतही ऐकू गेला. लिहिलेलं बरोबर आहे का, असं मला विचारायच्या आधीच मिस्त्री आतून म्हणाला, "बरोबर हाये." मीही तेच म्हणते.

मालूबाईचा अंगठा.