मुद्देमाल : विमान, नग एक

सन्माननीय अध्यक्ष, पाम गावचे सरपंच चिंतूभाऊ, व्यासपीठावरचे मुख्याध्यापक महोदय, मच्छीमार मंडळींचे पुढारी भिकाशेठ, चौकीतले माझे सहकारी, बोईसर-तारापूरचे नागरिक आणि सर्व माताभगिनींनो,

माझ्याबद्दल आत्ता जे बोललं गेलं, ते ऐकताना मी दोनदा मागं वळून पाहिलं, दुसरा कुणी हवालदार बसलाय का म्हणून. ‘निष्कलंक सेवा’ असं मुख्याध्यापक म्हणाले. मी आभारी आहे. पण एकतीस वर्षं पंचनामे लिहिलेला माणूस खात्री नसलेल्या मजकुराखाली सही करत नाही. तेव्हा आधी एक हकीकत ऐका. तिच्यात मी चांगलं वागलो की वाईट, हे मला चार वर्षांत ठरवता आलेलं नाही.

पासष्ट सालचा सप्टेंबर. लढाई चालू होती, घरोघरी खिडक्यांना काळे कागद लावलेले. भिकाशेठ धापा टाकत चौकीत आले. हसू नका भिकाशेठ, तुमचाच जबाब आहे. “साहेब, दुश्मनाचं इमान! आमी डोळ्यांनी बगितलं. आत मानूस नाय!” मी विचारलं, माणूस नाही तर चालवतंय कोण? म्हणाले, “तेच तुमाला इचारायला आलो.”

किनाऱ्यावर गेलो, तर ओहोटीच्या वाळूवर नागोराव उभे. इथल्या अणुवीज प्रकल्पावर नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन, मूळचे परभणीकडचे. आज तिसऱ्या रांगेत बसले आहेत, शेजारी त्यांच्या पत्नी नर्मदाबाई आहेत. त्या दिवशी नागोरावांच्या हातात एक डबा, डब्याला लांब काडी, डब्यावर एक बटण. ते बटण दाबत होते आणि चार-साडेचार फूट पंखांचं विमान वळत वळत खाली येत होतं. मी दोन्ही वस्तू जप्त केल्या. जप्त करणं सोपं होतं हो! लिहायचं काय?

“हे काय आहे?”

“जेट ट्रेनर, साहेब. नवे वैमानिक ज्यावर शिकतात, ते. त्याच्या आठव्या हिश्शाचं.”

“मग नाकावर पंखा कसा? जेटला पंखा नसतो, एवढं मलाही कळतं.”

“आकार जेटचा. इंजिन मात्र पंख्याचं.”

“म्हणजे जेट आहे की नाही?”

“आहे आणि नाही, साहेब.”

आता सांगा अध्यक्षमहाराज, ‘आहे आणि नाही’ हे पंचनाम्यात कुठल्या रकान्यात लिहायचं?

मग मी त्यांना समोर बसवलं आणि म्हटलं, पहिल्यापासून सांगा. तो माणूस जो सुटला! वर्तमानपत्रातल्या दोन फोटोंवर पट्टी धरून त्यांनी नकाशा काढला होता. हलकं लाकूड मिळेना, तेव्हा पांगारा आणला, आपल्याकडे जाळी तरंगायला ज्याचे तरंड करतात तोच. पंखांवर पतंगाचा कागद आणि वर व्हार्निश. वैमानिकाच्या डोक्यावरची काच म्हणजे धुतलेली एक्स-रे फिल्म. चौदा महिने लागले. नर्मदाबाई म्हणत, आमच्याकडं पाटावर जेवायचं नाही, त्यावर शेपूट वाळतंय! शेवटी नागोरावांनी नाकावरचं एक झाकण उघडून दाखवलं. आत जाळ्याला लावतात ते शिशाचे मणी. “हे नसेल तर शेपूट जड होतं, साहेब. विमान नाक वर करून उताणं पडेल.” मी तेही लिहून घेतलं. समजलं नव्हतं, पण लिहिलं.

वरिष्ठांचा निरोप आला. परवा साहेब स्वतः येणार. विमान उडालं आणि त्या डब्याच्या बटणानं वळलं, तर विनापरवाना बिनतारी यंत्राचा गुन्हा. नाही उडालं, तर खेळणं. गुन्हा म्हणजे प्रकल्पावरची नोकरी गेलीच, आणि लढाईच्या दिवसांत तुरुंगही. नर्मदाबाईंना तेव्हा सातवा महिना. मी नागोरावांना म्हटलं, “उडत नाही, असं लिहून द्या. मी सोडतो.” नर्मदाबाई दारातून म्हणाल्या, “द्या की हो लिहून.”

नागोराव म्हणाले, “उडतं, साहेब. उडणाऱ्याला उडत नाही असं कसं लिहू?”

असा माणूस तुम्ही पाहिलाय का? मला त्यांचा राग आला होता. अजूनही थोडा आहे.

साहेब आले. पंच जमले. नागोराव नाकाचं झाकण उघडायला गेले, तर मी अडवलं. त्यावर लाखेचं सील होतं, मुद्देमालाला हात लावायचा नाही. इंजिन सुरू झालं. विमान वाळूवर धावलं, नाक वर केलं, आणखी वर केलं, आणि पाठीवर आपटून त्याचे दोन तुकडे झाले. पंच हसले. साहेब म्हणाले, “हवालदार, पोरखेळासाठी मला ठाण्याहून बोलावलंत?” प्रकरण मिटलं. सील असलेलं नाक मी मुद्देमाल म्हणून आधीच उचललं. नागोराव बाकीचे तुकडे गोळा करत होते आणि मला विचारत होते, “माझं गणित कुठं चुकलं, साहेब?”

चार वर्षं ते हेच विचारताहेत. बाजारात, पोस्टात, लेकीच्या बारशालासुद्धा. दुसरं विमान केलं नाही. गेल्या आठवड्यात नर्मदाबाई भेटल्या. बंगळूरच्या विमान कारखान्यातून मुलाखतीचं पत्र आलंय, येत्या सोमवारी हजर व्हायचंय. अर्ज बाईंनीच भरून नागोरावांची सही घेतली होती. आता हे जायला तयार नाहीत. म्हणतात, “ज्याचं साधं मॉडेल पडलं, त्यानं तिथं काय तोंड दाखवायचं?”

नागोराव, गणित चुकलं नव्हतं. साहेब येण्याच्या आदल्या दुपारी चौकीत मी एकटा होतो. झाकणाचे स्क्रू काढले, शिसं खिशात घातलं, झाकण लावलं आणि वर मीच सील ठोकलं. तुमचं विमान तुम्ही सांगितलंत अगदी तसंच पडलं. माझ्या कागदात तुमचं ते वाक्य अजून आहे.

तुमची नोकरी वाचली म्हणून मी स्वतःची पाठ थोपटली, आणि तुम्ही समोरून आलात की रस्ता बदलला. या दोन्हींतला खरा हवालदार कोणता, मला कळत नाही. पण सोमवारी तुम्ही बंगळूरला असायला हवं, एवढं कळतं.

आपण सर्वांनी जमून माझा मान केलात, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर ते सभेनं पोटात घालावं. करण्यात जे झालं, त्याची माफी मी तिसऱ्या रांगेतल्या एकाच माणसाकडं मागतो.

ते उभे राहिलेत. अध्यक्षमहाराज, त्यांना बोलू द्या. ही शाल अंगावर ठेवून ऐकू की काढून, तेवढं मात्र मला कुणीतरी सांगा.