पेवाच्या तोंडाशी नंदादीप

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. पेटीवाले, भात्याला विसावा द्या, आणि तुम्हीही एक मोकळा श्वास घ्या. आज श्वासाचीच गोष्ट सांगायची आहे!

आधी एक सवाल टाकतो. देव राखतो — खरं की खोटं?

‘खरं!’ — वा! मंडप दणाणला. मागच्या खांबाला टेकून पेंगणारे आजोबासुद्धा ‘खरं’ म्हणाले! मग दुसरा सवाल. ज्याला देव राखतो, त्यानं पायाखाली बघून चालावं, की वर बघून?

...आता का हो गप्प?

मघाशी देवळाच्या वळणावर एक भक्त पाहिला. स्कूटरवर! कान आणि खांदा यांच्यामध्ये मोबाइल दाबलेला, मान अशी तिरकी. एका हातात नारळाची पिशवी, एका हातात हँडल. आणि खड्डा आला की तोंडानं — ‘सांभाळ रे बाबा!’ अहो, देवानं दोन्ही हात मोकळे ठेवून याच्यामागं धावावं, आणि याचा स्वतःचा एक हात मोकळा नाही! हसू नका. तो इथंच बसलाय. मी नाव घेणार नाही — त्याच्याच स्कूटरवरून मला परत जायचंय!

तर ऐका.

कृष्णाकाठी एक गाव होतं. हळदीचं गाव. फाल्गुनात तिथं गेलात तर उंबरा पिवळा, अंगण पिवळं, शेजारणीचं मांजरसुद्धा पिवळं! ती हळद शिजवून, वाळवून कुठं ठेवत? माळ्यावर? नाही. कोठारात? नाही. जमिनीच्या पोटात — पेवात!

पेव म्हणजे काय, शहरातल्या मंडळींसाठी सांगतो. एक घागर डोळ्यांपुढं आणा. गळा अरुंद, एक माणूस अंग चोरून जाईल एवढाच. आणि पोट? ऐसपैस, चार पुरुष खोल! भिंतीला पाय ठेवायला खोबण्या. आत हळद भरायची, तोंडावर फरशी, फरशीवर माती. वर्ष-दोन वर्षं हळद आत निजून राहते, आईच्या कुशीत पोर निजावं तशी. कीड नाही, ओल नाही.

पण मंडळी, ज्या पोटात वर्षभर वारा शिरला नाही, त्या पोटातली हवा कशी असेल? मेलेली! तिला रंग नाही, वास नाही. साप फुसकारून सांगतो तरी, कुत्रं गुरगुरून सांगतं. ही काहीच सांगत नाही. माणूस उतरतो, एक श्वास घेतो, दुसरा घेतो... आणि तिसरा घ्यायला माणूसच उरत नाही.

म्हणून त्या गावची रीत! फरशी काढायची, पेव एक दिवस, एक रात्र उघडं टाकायचं. मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. तळाशी कंदील जळत राहिला — उतरा. विझला — मुकाट घरी जा, चहा प्या, उद्या या!

ही रीत गावात कोण पाळायला लावी? भुजंगआप्पा. पेवं उघडणारा माणूस. ताडमाड उंची, मिशा अशा की एकीवर कावळा बसावा न् दुसरीवर कावळी! एकदा एक पाटील घाईघाईनं आपल्या पेवात उतरायला निघाले. आप्पांनी काय करावं? पेवाच्या तोंडावर मांडी घालून बसले! ‘पाटील, आधी मला उचला, मग उतरा.’ आता आप्पांना उचलायचं म्हणजे बैलजोडी हवी. बसले पाटील शेजारी. दुसऱ्या दिवशीपर्यंत दोघांनी अख्खा गाव पालथा घातला — गप्पांत!

असा हा दक्ष माणूस. आणि भक्त कसा? देव्हाऱ्यात दत्ताची मूर्ती, पुढं नंदादीप. लेक जन्मली त्या दिवशी आप्पांनी तो लावला. लेकीचं नाव शेवंता. शेवंता एकोणीस वर्षांची झाली, तो दिवा एकदा विझला नाही! वात सरत आली की तिच्यावरच दुसरी वात पेटवायची. पूर आला, तेव्हा घरातली भांडी वाहून गेली, पण आप्पा दिवा धोतराच्या आडोशाला धरून रात्रभर छपरावर. देव्हाऱ्यापुढून कुणी झपकन गेलं की आप्पा ओरडायचे, ‘हळू! वारं लागंल!’ जावयाकडची मंडळी पहिल्यांदा पाहायला आली. त्यात एकाला शिंक आली. आप्पांनी त्या पाहुण्याला बखोटीला धरून अंगणात नेलं — ‘हां, आता शिंका!’

तरी लग्न जमलं. पोरगी गुणाची, दुसरं काय!

आता लग्नाची बोलणी चालू असताना आप्पा एक बोलून गेले. शेवंतानं बांधाकडेच्या हळदीच्या दोन सऱ्या स्वतःच्या हातानं लावल्या होत्या, स्वतःच्या हातानं खुरपल्या होत्या. त्या हळदीचं एक पोतं आप्पांनी वेगळं बांधून पेवात ठेवलं होतं. विहीणबाईंपुढं मिशीवर हात फिरवून म्हणाले, ‘आमची लेक स्वतः लावलेल्या हळदीनं नवरी होणार!’

बोलले. आणि विसरले.

अहो, तेच दिवस पेवं उघडायचे! आज या घरचं, उद्या त्या घरचं. गावातली चाळीस पेवं आप्पांनी उघडून दिली, आणि स्वतःचं? फरशी जागेवर, माती जागेवर! शिंप्याचा सदरा फाटका, असं आपण बघतोच की.

हळदीची सकाळ उजाडली. मांडवात बायका, पाटावर शेवंता, जाजमावर विहीणबाई. विहीणबाई काय म्हणाल्या? आवाज साखरेत घोळून —

‘काय व्याहीबुवा, आणा की ती तुमची पेवातली हळद! आमच्यात बाई दुकानची पुडी चालती. पण तुम्ही एवढं सांगितलंत, म्हणून आम्ही पुडीबी आणली न्हाई.’

आपलंच पेव उघडायचं राहिलंय, हे आप्पांना आत्ता आठवलं!

‘आणतो की,’ म्हणाले. ‘हा गेलो न् हा आलो!’

निघाले परसात. मागं इराप्पा. वीस वर्षं आप्पांची दोरी धरणारा गडी. माती काढली, फरशी सरकवली. आप्पांनी धोतराचा काचा मारला.

इराप्पा म्हणाला, ‘आप्पा, कंदील?’

‘सोड की! कोण नको म्हणतंय?’

कंदील निघाला खाली. पहिली खोबण — जळतोय. तिसरी खोबण — ज्योत बारीक झाली. पाचवी — गेली!

‘वारं लागलं,’ आप्पा म्हणाले.

‘पेवात वारं?’

‘सोड पुन्हा!’

पुन्हा सोडला. पुन्हा गेला. ‘वात ओली हाय तुझी.’ वात बदलली. पुन्हा गेला! ‘रॉकेल पातळ हाय.’ मंडळी, रॉकेल पातळच असतं! पण माणसाला जेव्हा ऐकायचंच नसतं, तेव्हा दिव्याच्या बोलण्यातसुद्धा तो चुका काढतो. शेवटी आप्पा कंदिलावरच घसरले — ‘हा कंदीलच भिकार! सासुरवाडीचा हाय!’

मांडवातून सनईचा सूर आला. आप्पांना पाटावर बसलेली लेक दिसली. विहीणबाईंची जिवणी दिसली, एका बाजूला किंचित वळलेली. आणि मनात विचार आला, गोड विचार. घात करणारा विचार नेहमी गोडच असतो! ‘माझं पेव. माझी हळद. माझा दत्त! एकोणीस वर्षं त्याच्यापुढं दिवा जाळला, तो मला घटकाभर सांभाळणार न्हाई? दम धरून उतरतो, पोतं दोरीला बांधतो, आलोच वर!’

‘इराप्पा, दोरी धर.’

‘न्हाई धरत.’

‘अरे, दम धरून जातो!’

‘दम धरून? आप्पा, तुम्ही न बोलता पानाला चुना लावू शकत न्हाई!’

‘न्हाई तर नको धरू. खोबण्या हायत मला!’ — आणि आप्पांनी एक पाय पेवात टाकला!

इराप्पाला कळलं, हा माणूस आपल्याच्यानं उचलायचा नाही. तो धावला घरात. आप्पांची कारभारीण हौसाक्का ओटी भरायची तयारी करत होती. तिच्या कानाशी दोनच शब्द बोलला. हौसाक्कानं किंकाळी फोडली? नाही. कपाळ बडवलं? नाही. ती देव्हाऱ्यापुढं गेली, हात जोडले, आणि पदर कमरेला खोचून परसात आली. एक हात पुढं, दुसरा त्याच्या आड.

तोवर आप्पा कमरेपर्यंत आत! वर नुसत्या मिशा आणि छाती.

‘उतरताय?’ हौसाक्का म्हणाली.

‘उतरतोय.’

‘कंदील विझला म्हणं.’

‘माझा देव राखंल!’

‘राखंल की. मग त्याला घरी कशाला ठेवताय? संगट न्या.’

आणि तिनं तळवा बाजूला केला. आत काय? नंदादीप!

आप्पांचे डोळे पांढरे झाले. ‘हौसा! उघड्यावर आणलास? आड धर! अगं, आड धर आधी!’

‘धरलाय. आता तुम्ही धरा. घ्या, खाली न्या.’

‘खाली? खुळी का काय तू? खाली नेला तर विझंल की तो!’

बोलले, मंडळी. आणि थांबले.

सनई थांबली नाही, वारा थांबला नाही. आप्पा थांबले. हौसाक्कानं पुन्हा तळवा दिव्याआड धरला आणि हळू आवाजात विचारलं —

‘दिवा विझंल. आणि तुम्ही?’

‘एकोणीस वर्षं,’ ती म्हणाली, ‘ह्याच्यासमोर कुणाला शिंकू दिलं न्हाई तुम्ही. पुरात छपरावर बसलात ह्याला घेऊन. तवा न्हाई म्हणालात, देवाचा दिवा हाय, देव बघंल! तवा तुमचा हात आड होता. त्याच देवानं शेवंताच्या बापाला बी एक वात दिलीय. ती छातीत जळती म्हणून दिसत न्हाई, एवढंच.’

काय बोलली हो! शाळेची पायरी न चढलेली बाई. पण जात्यावर दळताना तिच्या आईनं तिच्या कानात एक ओवी घातली होती. (पेटीवाले, आता सूर द्या, हळूच!)

दिवा लाविला देवानं, वात दिली माझ्या हाती
वारा सुटता सयांनो, तळव्याच्या करू भिंती

ज्योत त्याची, तेज त्याचं, माझा नुसता आडोसा
एवढंही ना करीन, त्याला हाक मारू कशा?

आप्पा वर आले. खाली मेलेली हवा, तिला ते मघाशी भ्याले नाहीत. पण परसातून मांडवापर्यंतची पन्नास पावलं? पाय उचलेना! भर मांडवात, सगळ्या बायकांपुढं हात जोडून म्हणाले —

‘विहीणबाई, चाळीस घरची पेवं उघडली, माझं राहिलं. आत्ता उघडलंय. कंदील विझतोय. आज हळद न्हाई निघायची. माझं चुकलं.’

विहीणबाईंनी भुवई उचलली. ‘म्हंजे? आता ह्या घडीला पुडी शोधायची आम्ही?’

शेवंता पाटावरून बापाच्या तोंडाकडं बघतेय. आप्पांच्या धोतराला पेवाच्या तोंडाची माती. पोरीला काय ते कळलं.

आणि मग एक म्हातारी उठली. कनवटीची पुरचुंडी सोडली. ‘ही घ्या चिमूटभर. आमच्या पेवातली. आप्पानंच उघडून दिलंय परवा.’ दुसरी उठली. तिसरी घरी पळाली, वाटी घेऊन आली. ‘आमच्या धन्याला पेवातनं ओढून काढलं होतं आप्पानं. घाला ही.’ बघता बघता चाळीस घरची हळद एका परातीत! कुठली केशरी, कुठली फिकी, कुठली उन्हासारखी. आणि शेवटी विहीणबाईच उठल्या, पदर सावरला, पहिलं बोट शेवंताच्या गालाला लावलं आणि आप्पांना म्हणाल्या,

‘व्याहीबुवा, हळद उद्या मिळंल, परवा मिळंल. पोरीचा बाप कुठल्या पेवात मिळतो ते सांगा!’

मांडव हसला. आप्पा? मिशीत तोंड लपवून रडले. मिशांचा तेवढा उपयोग!

दुसऱ्या दिवशी सकाळी इराप्पानं कंदील सोडला. तोच, सासुरवाडीचा! पाचवी खोबण, दहावी खोबण, तळ... जळतोय! आप्पा म्हणाले, ‘वर घे. पुन्हा सोड.’ पुन्हा सोडला. जळतोय! मग कमरेला दोरी, वर दोघं, आणि आप्पा उतरले. पोतं वर आलं.

लेक निघाली सासरी. तिनंच लावलेल्या, तिनंच खुरपलेल्या हळदीची पाच हळकुंडं आप्पांनी तिच्या ओटीत घातली. शेवंतानं हळदीकडं पाहिलं नाही, बापाकडं पाहिलं.

‘आप्पा, कंदील?’

‘दोनदा बघितला गं.’

मग रडली पोरगी. मोकळी रडली.

झाली गोष्ट. आता तुम्ही! तुम्ही म्हणाल, बुवा, आमच्या घरी पेव नाही. खरंच नाही? गॅसचा वास आला, खिडकी उघडण्याआधी काडी कुणी ओढली? स्टुलावर स्टूल ठेवून जळमटं काढायला कोण चढलं? ओल्या हातानं पाण्याचा पंप कोण लावतं? तेव्हाही आपला कंदील विझतच असतो हो! आतून कुणीतरी म्हणतं, ‘अरे, थांब.’ आणि आपण म्हणतो, ‘वात ओली आहे!’

आता आरती होईल. ताम्हन तुमच्यापुढं येईल. दारातून नदीचा वारा येतोय. बघा हं, ज्योत जवळ आली की तुमचा हात आपोआप तिच्या आड जाईल. कुणी सांगायला लागणार नाही. पोराचा जाईल, म्हातारीचा जाईल, त्या स्कूटरवाल्याचाही जाईल!

तोच हात, मंडळी, तसाच धरून घरी जा.