तीन गोळ्या एकदम

तुम्हाला खोटं वाटेल, पण थायरॉईडची गोळी मी सहा महिने एकही दिवस चुकवली नाही, तरी रिपोर्टातला आकडा चढतच गेला. डोस दोनदा वाढवून झाला. ढाणकीत माझं शिवणकाम आहे. मशीनवर बसल्या बसल्या डोळे मिटायचे. एका बाईच्या ब्लाउजला मी दोन्ही बाह्या उलट्या लावल्या.

गोळ्या आमचे हे द्यायचे. थायरॉईडची, लोहाची, कॅल्शियमची, तिन्ही एकदम तळहातावर आणि सोबत दुधाचा चहा.

शेवटी यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळी घेता कशी?" मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"अहो, लोह आणि कॅल्शियम त्या गोळीला अंगी लागू देत नाहीत. ती उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत घ्यायची. चहा तासाभरानं, बाकीच्या गोळ्या चार तासांनी. असं घ्यायला सांगितलं कोणी?"

हे माझ्या शेजारी मान खाली घालून बसले होते.

"कोणी नाही," मी म्हटलं. "माझ्याच मनानं."

बाहेर आल्यावर यांनी विचारलं, "माह्यं नाव काहून नाही घेतलं?"

"घेतलं असतं तर तुम्ही मले गोळी देनंच बंद केलं असतं."

दोन महिन्यांनी आकडा ताळ्यावर आला. हे अजूनही सकाळी गोळी आणि पाणी आणून देतात आणि तासभर माझ्याजवळ बसतात, स्वतःही चहा न घेता.

"तुम्ही तरी घ्या," मी रोज म्हणते.

"तुह्यासमोर एकटाच पिऊ का मी?"