शांत फोन

दाताच्या दवाखान्यात आजी नंबराची वाट पाहत बसल्या होत्या. शेजारी लॅपटॉप उघडून बसलेली मुलगी सुजल्या गालाच्या भावाला विचारत होती,

"दादा, रक्तपेढीचा फ्रीज तापला की फोन वाजवणारा अलर्ट कुठे गेला?"

"अगं, मोडीत काढलेल्या फ्रीजचा उगाच बोंबलत होता, तो सकाळी प्रोग्राममधून डिलीट केला."

"नंबर देऊन की नाव देऊन?"

"नाव."

"अरे, चालू फ्रीजच्या अलर्टलाही तू तेच नाव दिलं होतंस!"

"मेलो! दोन्ही उडाले?"

"दोन्ही."

"पण फोन तर शांत आहे."

"शांतच राहणार! वाजवणारा उरलाय का कुणी?"

आजींची उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. बोर्डावर एकही दिवा लागेनासा झाला, की त्याही आधी लाइनच तपासायला धावायच्या.

"दादा, रक्तपेढीत फोन लाव, कुणीतरी डोळ्यांनी बघू दे."

"कुणी उचलत नाहीये. तू अलर्ट परत टाक आधी."

"टाकला."

तिघंही फोनकडे बघत राहिली. फोन किंचाळला.

"वाजला! सुटलो गं बाई!"

"सुटलो कसले? वाजला म्हणजे फ्रीज तापलाय, दादा!"

"अहो, तुमचा नंबर आला," आजींनी हाक मारली. तोवर दोघं रक्तपेढीकडे धावत जिना उतरत होती.