मनीची सुई

जनावरांच्या दवाखान्यात शेळी धरून बसलेल्या शिवकन्याच्या कानावर रांगेत पुढे मांजर घेऊन उभ्या त्रिंबकआबांचं नि डॉक्टरांचं बोलणं पडत होतं.

"साहेब, मांजरीला पिसाळल्याची सुई द्या. चार दिवसांखाली नातीला चावली."

"आता मांजरीला देऊन काय उपयोग, आबा? नातीला दिली का?"

"न्हाई. ती सुईला लई भेती. रडत म्हनली, मला नको, मनीलाच टोचा."

"आणि तुम्ही ऐकलंत?"

"दोघींतल्या एकीला टोचली की भागलं, असं वाटलं."

"अहो, पोरीला आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात न्या. कुठंय ती?"

"कालच गेली की आईबापासंग ऊसतोडीला. कर्नाटकात."

"मग मुकादमाला फोन लावा!"

"लावतो. पन आधी हिला टोचा, साहेब. पोरीला शब्द दिलाय."